ऋण धारकतेचं सिम्युलेशन: कागद, पायथन आणि एक रेझिस्टर

फेरोइलेक्ट्रिक पदार्थातली ऋण धारकता (निगेटिव्ह कॅपॅसिटन्स) संगणकाच्या पडद्यावर आणायला पायथनच्या तीस-चाळीस ओळी पुरतात. फेरोइलेक्ट्रिक म्हणजे असा पदार्थ, ज्याच्या आतले धन आणि ऋण चार्ज एकमेकांपासून सरकून राहतात (यालाच ध्रुवीकरण म्हणतात), बाहेरचं विद्युत क्षेत्र काढलं तरी तसेच राहतात आणि उलट्या क्षेत्राने उलटवता येतात. अभियांत्रिकीचं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं गणित आणि कॅपॅसिटरची नीट ओळख, एवढ्या शिदोरीवर हे काम होतं. अवघड आहे ते पुढचं. पडद्यावर जे दिसलं त्यातलं किती पदार्थाचं आणि किती आपणच सूत्रात भरून ठेवलेलं, हे ओळखायला वेळ लागतो. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: प्रत्येक पायरीवर एक आकडा आधी कागदावर काढायचा, मग कोड चालवायचा. दोन्ही जुळले नाहीत तर पुढे जायचं नाही.

हा खटाटोप कशासाठी

ट्रान्झिस्टर बंद अवस्थेतून चालू होत असताना करंट दहापट वाढवायचा तर गेटचं, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या टोकाचं, व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्टने वाढवावं लागतं. खोलीच्या तापमानाला ही मर्यादा इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे येते, त्यामुळे सिलिकॉन बदलून दुसरं काही घातलं तरी ती हटत नाही. चिप तापते, बॅटरी संपते, याच्या मुळाशी हा आकडा आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून सायीफ सलाहुद्दीन आणि सुप्रियो दत्ता यांनी सुचवलं की गेटच्या इन्सुलेटरमध्ये फेरोइलेक्ट्रिक थर घातला, तर आतल्या चॅनेलला (करंट वाहतो त्या पट्ट्याला) बाहेरून दिलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज मिळू शकेल.

साध्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज वाढला की व्होल्टेज वाढतं. फेरोइलेक्ट्रिकमध्ये एका टप्प्यावर चार्ज वाढत असताना व्होल्टेज उतरतं, आणि त्या टप्प्यालाच ऋण धारकता म्हणतात. २०११ मध्ये सिलिकॉन मिसळलेलं हाफ्नियम ऑक्साइड फेरोइलेक्ट्रिक असल्याचं प्रसिद्ध झालं आणि या विषयाला बळ आलं, कारण हाफ्नियम ऑक्साइड त्याआधीच चिपच्या कारखान्यांत रुळलेलं होतं.

पहिली पायरी: दोन मोजमापांवरून दोन स्थिरांक

भौतिकशास्त्रज्ञ लँडाऊ यांच्या मांडणीत पदार्थाची ऊर्जा ध्रुवीकरणाच्या, म्हणजे पी च्या, भाषेत लिहितात:

ऊर्जा = अल्फा × पी² + बीटा × पी⁴ − ई × पी

ई म्हणजे विद्युत क्षेत्र. अल्फा ऋण असतो, म्हणून आलेखात मधोमध उंचवटा आणि दोन बाजूंना दोन खड्डे दिसतात. उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर गोटी ठेवावी तशी मधली अवस्था असते: तिथे ऋण धारकता आहे, पण गोटी तिथे टिकत नाही. ऊर्जेचा उतार शून्य धरला की आपल्याला लागणारं सूत्र मिळतं:

ई = २ × अल्फा × पी + ४ × बीटा × पी³

आता हे स्थिरांक आणायचे कुठून? शोधनिबंधात बहुधा दोनच मोजमापं मिळतात: क्षेत्र काढून घेतल्यावर उरणारं ध्रुवीकरण आणि ते उलटवायला लागणारं क्षेत्र. पहिल्याला पीआर आणि दुसऱ्याला ईसी म्हणू. थोडं कॅल्क्युलस केलं की अल्फा = −(३√३ ÷ ४) × ईसी ÷ पीआर आणि बीटा = (३√३ ÷ ८) × ईसी ÷ पीआर³. हे स्वतः एकदा सोडवून बघा, अर्धं पान लागतं.

हाफ्नियम-झिर्कोनियम ऑक्साइडसाठी हिशोबाला सोपे आकडे घेऊ: पीआर २० मायक्रोकुलोम प्रति चौरस सेंटिमीटर आणि ईसी १ मेगाव्होल्ट प्रति सेंटिमीटर. इथेच थांबून एकक बदला. पीआर होतो ०.२ कुलोम प्रति चौरस मीटर आणि ईसी होतो १० कोटी व्होल्ट प्रति मीटर. मग अल्फा येतो वजा ६५ कोटी आणि बीटा ८१२ कोटी, दोन्ही एसआय एककांत. माझे सुरुवातीचे दोन दिवस याच रूपांतरात गेले. मी पीआर ०.०२ लिहिला होता, त्यामुळे अल्फा दहापट आणि बीटा हजारपट फुगला. आलेखाचा आकार मात्र अगदी पुस्तकातल्यासारखा येत राहिला, म्हणून चूक डोळ्यांना दिसेना. तेव्हापासून आलेख काढला की आधी अक्षांवरचे आकडे वाचायचे, आकार नंतर पाहायचा.

पडताळणीचा आकडा हा घ्या: पी शून्य असताना या पदार्थाचा सापेक्ष परावैद्युतांक (रिलेटिव्ह परमिटिव्हिटी), म्हणजे १ भागिले (२ × अल्फा × निर्वाताचा परावैद्युतांक), सुमारे वजा ८७ आला पाहिजे. तो आला तर ई विरुद्ध पी हा आलेख काढा. इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेघ दिसेल आणि तिचा मधला भाग उलट्या उताराचा असेल.

दुसरी पायरी: रेझिस्टर जोडा

एकट्या फेरोइलेक्ट्रिकवर थेट बॅटरी लावली तर त्याच्या टोकांवर कायम बॅटरीचंच व्होल्टेज राहणार, आत काहीही घडो. म्हणून मध्ये रेझिस्टर हवा. बर्कलीमध्ये सलाहुद्दीन यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका हाच होता: फेरोइलेक्ट्रिक कॅपॅसिटर, त्याच्या मालिकेत रेझिस्टर, आणि ऑसिलोस्कोपवर दिसणारं व्होल्टेज.

वेळेनुसार पी कसा बदलतो हे सांगणारं समीकरण लँडाऊ आणि खालातनिकोव्ह यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यात ऱ्हो नावाचा एक स्थिरांक असतो, पदार्थाच्या आतलं घर्षण म्हणा. सर्किटचा नियम त्याच्याशी जोडला की सगळं एका ओळीत येतं:

पी चा वेग = (बॅटरीचं व्होल्टेज − जाडी × (२ × अल्फा × पी + ४ × बीटा × पी³)) ÷ (क्षेत्रफळ × रेझिस्टन्स + जाडी × ऱ्हो)

कोडमध्ये एक लूप लिहा. प्रत्येक फेरीत हा वेग काढा, त्याला वेळेच्या पावलाने गुणा, पी मध्ये मिळवा. ऑयलरची ही अगदी साधी पद्धत आहे आणि इथे ती पुरते. आकडे असे घ्या: जाडी १० नॅनोमीटर, पाटी ३० मायक्रोमीटर लांब-रुंद, रेझिस्टर ५० किलोओहम, ऱ्हो १०० ओहम-मीटर, पाऊल १ नॅनोसेकंद. सुरुवातीला पी = −०.२ ठेवा आणि बॅटरी एकदम २ व्होल्टवर न्या. ४० मायक्रोसेकंदांपर्यंत चालवा.

दर क्षणाला दोन गोष्टी साठवा: पी आणि फेरोइलेक्ट्रिकच्या टोकांवरचं व्होल्टेज, म्हणजे बॅटरीतून रेझिस्टरवरचं व्होल्टेज (क्षेत्रफळ × रेझिस्टन्स × पी चा वेग) वजा करून उरलेलं. आता आलेख नीट बघा. व्होल्टेज शून्यावरून चढत सुमारे ३ मायक्रोसेकंदांना १ व्होल्टच्या आसपास पोचतं. बॅटरी २ व्होल्टवर ठाम आहे, पाटीवर चार्ज येतच आहे, आणि तरी व्होल्टेज उतरायला लागतं. सातव्या मायक्रोसेकंदाच्या आसपास ते शून्य ओलांडतं, नवव्याच्या आसपास वजा १ व्होल्टपर्यंत खाली जातं, मग वळून वर चढत २ व्होल्टला जाऊन स्थिरावतं. पी शेवटी ०.२५ च्या जरा वर थांबतो. हा आलेख पहिल्यांदा स्वतःच्या कोडमधून उमटतो तेव्हा खरंच हरखून जायला होतं.

आकडे जुळतात का, ते कागदावर असं तपासा: १० नॅनोमीटर गुणिले १० कोटी म्हणजे बरोबर १ व्होल्ट. शिखर त्याच्या खूप वर गेलं तर ऱ्हो फार मोठा घेतला गेला आहे. मग रेझिस्टर हळूहळू कमी करत जा. क्षेत्रफळ × रेझिस्टन्स हा गुणाकार जाडी × ऱ्होपेक्षा लहान झाला की दरी भरून येते आणि शेवटी टोकांवर फक्त २ व्होल्टची सपाट रेघ उरते. आत पी त्याच वाटेने गेलेला असतो, फक्त बाहेरून तो कळत नाही.

एक इशारा इथेच द्यायला हवा. ही दरी दिसली म्हणजे ऋण धारकता सिद्ध झाली, असं नाही. पदार्थाला ध्रुवीकरण उलटवायला क्षणभर जितका चार्ज लागतो तितका रेझिस्टरमधून येत नसेल, तरी व्होल्टेज खाली बसतं. त्यासाठी लँडाऊचा उंचवटा असायची गरज नाही. २०१५ नंतर संशोधकांमध्ये यावरून बराच वाद झाला. आपल्या कोडमध्ये तर उंचवटा आपणच घातला आहे, त्यामुळे दरी येणारच होती.

तिसरी पायरी: शेजारी साधा इन्सुलेटर

उलट्या घमेल्यावरची गोटी टिकवायची कशी? तिला दुसऱ्या एखाद्या उभ्या वाटीचा आधार द्यायचा. साध्या इन्सुलेटरची ऊर्जा वाटीसारखी असते. दोन्ही थर मालिकेत ठेवले की ऊर्जांची बेरीज होते, आणि वाटी पुरेशी खोल असेल तर बेरजेत उंचवटा उरत नाही. म्हणजे ऋण धारकतेचं स्थैर्य शेजाऱ्याकडून येतं. नवख्याने या विषयातलं एकच वाक्य पाठ करायचं झालं तर मी हे सांगेन.

१ नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड घ्या. त्याची धारकता ०.०३४५ फॅरड प्रति चौरस मीटर. त्यावर ५ नॅनोमीटर फेरोइलेक्ट्रिक, ज्याची पी शून्य असतानाची धारकता वजा ०.१५४. व्यस्तांची बेरीज करा: २८.९६ − ६.५० = २२.४६. एकूण धारकता आली ०.०४४५, म्हणजे एकट्या ऑक्साइडपेक्षा १.२९ पट जास्त. मालिकेत आणखी एक थर घातला आणि धारकता वाढली! बाहेर १ व्होल्ट लावला तर ऑक्साइडवर १.२९ व्होल्ट. जाडी १५ नॅनोमीटर केली तर ही वाढ तिपटीच्या जरा वर जाते, आणि २२.३ नॅनोमीटरला हिशोबाचा छेद शून्य होतो. ती सीमा. तिच्यापलीकडे दोन खड्डे परत येतात.

कोडमध्ये फक्त एक पद वाढवायचं: वेगाच्या सूत्रात अंशातून पी ÷ ०.०३४५ वजा करा. बॅटरी आता एकदम न चढवता वजा १ व्होल्टपासून अधिक १ पर्यंत आणि परत, अशी हळू फिरवा. दर व्होल्टला १ मिलिसेकंद पुरतो. १५ नॅनोमीटरला जाणारी आणि येणारी रेघ एकमेकींवर बसतील. ३० नॅनोमीटरला मात्र लूप उघडेल आणि पी साधारण ०.४ व्होल्टला, दोन्ही बाजूंना, उडी मारेल.

तुमच्याकडे १५ नॅनोमीटरलाही लूप दिसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो आरसीच्या विलंबामुळे, म्हणजे रेझिस्टरमधून चार्ज यायला लागणाऱ्या वेळामुळे, आलेला असतो. बॅटरी फिरवण्याचा वेग निम्मा करा. लूप अरुंद झाला तर विलंब, तसाच राहिला तर दोन खड्ड्यांचा खरा लूप. हीच तपासणी न करता काढलेले निष्कर्ष मी विद्यार्थ्यांच्या अहवालांत अनेकदा पाहिले आहेत.

याच पायरीवर आणखी एक हिशोब करा, तो फार काही शिकवून जातो. सिलिकॉन डायऑक्साइड साधारण १० मेगाव्होल्ट प्रति सेंटिमीटरला फुटतं. १ नॅनोमीटरच्या थरावर तेवढं क्षेत्र म्हणजे १ व्होल्ट, आणि त्या वेळचा चार्ज ०.०३४५ कुलोम प्रति चौरस मीटर. आपला पीआर ०.२ आहे. म्हणजे ऑक्साइड शाबूत ठेवून एस-रेघेच्या मध्याजवळचा लहानसा तुकडाच गाठता येतो. ३० नॅनोमीटरच्या लूपमध्ये पी ०.१ ला पोचतो, तेव्हाच ऑक्साइडवर जवळजवळ ३ व्होल्ट असतात. संगणक ते निमूट सोसतो, खरा थर सोसणार नाही. २०१९ मध्ये मायकेल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी हाफ्नियम-झिर्कोनियम ऑक्साइडमधली ही एस-रेघ मोजून दाखवली, तेव्हा शेजारी टँटलम ऑक्साइड ठेवून अगदी अल्पकाळाचे व्होल्टेज पल्स वापरले होते. ते तसं का केलं असेल, हे वरचा हिशोब एकदा हाताने केला की आपोआप उमगतं.

चौथी पायरी: एक पी पुरत नाही

आतापर्यंत सगळा थर एकसाथ वळतो असं धरलं. खऱ्या थरात डोमेन असतात: काही भाग वर, काही खाली. म्हणून थराचे १०० कप्पे करा. प्रत्येकाला स्वतःचा पी द्या आणि प्रत्येकाच्या ईसीमध्ये यादृच्छिक ५ ते १० टक्के फरक ठेवा. कप्प्याचा वेग = (ई − त्याचं स्वतःचं लँडाऊ पद + के × (डावा शेजारी + उजवा शेजारी − २ × स्वतः)) ÷ ऱ्हो. के म्हणजे शेजाऱ्यांची एकमेकांना ओढ. सर्व कप्प्यांवरचं ई सारखं, आणि ते दर पावलाला रेझिस्टरमधल्या एकूण करंटवरून काढायचं.

आधी फरक शून्य ठेवा. दुसऱ्या पायरीचं उत्तर जसंच्या तसं यायला हवं. आलं नाही तर चूक तुमच्या सरासरीत आहे. मग फरक चालू करा. व्होल्टेज १ व्होल्टजवळ पोचलं की जो कप्पा आधी घसरतो तो भराभर उलटतो, बाकीचे मागे थांबतात, आणि एकामागून एक वळत राहतात. वजा १ व्होल्टपर्यंत जाणारी खोल दरी नाहीशी होऊन तिथे उथळ खळगा किंवा पठार उरतं. प्रयोगशाळेत मिळणारे आलेख पुष्कळदा असेच दिसतात. हे घडतं कारण उंचवट्यावर असताना कप्प्यांमधला बारीकसा फरकही दर शे-पाऊणशे नॅनोसेकंदांना पटीपटीने वाढतो, आणि उलटायला तर कित्येक मायक्रोसेकंद लागतात. के वाढवून बघा, कप्पे गटागटाने हलू लागतील. या पायरीवर घाई करू नका. एक संपूर्ण रविवार के आणि ईसीचा फरक बदलत घालवला तरी तो वाया जात नाही.

पाचवी पायरी: ट्रान्झिस्टर

सुदैवाने इथे नवं समीकरण सोडवावं लागत नाही. एनजीस्पाइससारख्या मोफत सिम्युलेटरमधून साध्या ट्रान्झिस्टरचा गेट-चार्ज विरुद्ध गेट-व्होल्टेज हा तक्ता काढा. तक्त्यातल्या प्रत्येक चार्जसाठी फेरोइलेक्ट्रिकवरचं व्होल्टेज पहिल्या पायरीच्या सूत्राने काढा आणि आतल्या व्होल्टेजमध्ये मिळवा. जी बेरीज येईल ते बाहेरचं गेट-व्होल्टेज. करंट तोच, अक्ष नवा. पण आधी कागद.

बंद अवस्थेतल्या चॅनेलची धारकता ०.००३ फॅरड प्रति चौरस मीटर धरू. दहापट करंटला लागणारे मिलिव्होल्ट = ६० × (१ + चॅनेलची धारकता ÷ इन्सुलेटरची एकूण धारकता). नुसत्या ऑक्साइडला ६५.२ येतात. ५ नॅनोमीटर फेरोइलेक्ट्रिक घातलं की ६४.०, १५ ला ६१.७, आणि २२.३ ला बरोबर ६०. साठच्या खाली जायचं तर इन्सुलेटरची एकूण धारकताच ऋण व्हावी लागते आणि त्याला आधार चॅनेलने द्यावा लागतो. ३० नॅनोमीटरला ५८.२ मिळतात. पण ट्रान्झिस्टर चालू झाला की चॅनेलची धारकता कितीतरी पट वाढते. ती ०.१ च्या वर गेली की आधार सुटतो आणि लूप येतो. म्हणजे ज्या जाडीला फायदा मिळतो, त्याच जाडीला चालू अवस्थेत घोटाळा होण्याची भीती. शिवाय आजच्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरवर ३० नॅनोमीटरचा थर बसवायला जागाच नसते.

त्यामुळे ६० च्या खूप खाली गेलेला एखादा आलेख तुमच्या कोडमधून आला, तर आधी चालू अवस्थेतला लूप आणि ऑक्साइडवरचं क्षेत्र तपासा. या कल्पनेचा जास्त पक्का लाभ मला दुसरीकडे दिसतो: धारकता वाढवण्यात. २०२२ मध्ये बर्कलीच्या गटाने हाफ्नियम आणि झिर्कोनियम ऑक्साइडचे थर एकाआड एक रचून सुमारे २ नॅनोमीटरचा गेट-थर दाखवला. त्याची धारकता सुमारे ०.६५ नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइडच्या बरोबरीची होती. तिसऱ्या पायरीतला १.२९ हा आकडा याच दिशेचा आहे.

पुढची साधनं

इथपर्यंत स्वतःच्या कोडने आलात की मोठी साधनं हाताळायला हरकत नाही. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतलं फेरोएक्स हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर त्रिमितीत डोमेन, विद्युत क्षेत्र आणि सेमीकंडक्टरमधला चार्ज एकत्र सोडवतं, आणि जीपीयूवर वेगाने चालतं. सर्किटच्या अंगाने जायचं असेल तर कॉम्पॅक्ट मॉडेल, म्हणजे सर्किट-सिम्युलेटरमध्ये वापरायची ट्रान्झिस्टरची आटोपशीर सूत्रं, शिका. आयआयटी कानपूरमध्ये योगेशसिंह चौहान यांच्या गटाने या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची मॉडेलं केली आहेत.

फेरोएक्स बसवल्यावर पहिली फाइल डोमेनांची देऊ नका. जाळी लहान ठेवा, सगळीकडे पी अगदी थोडा आणि सारखा ठेवा, शेजारी जाड इन्सुलेटर द्या, आणि पहिल्या पायरीतलेच अल्फा-बीटा भरा. या साधनांत पार्श्वभूमीचा परावैद्युतांक वेगळा धरलेला असतो, आपण तो सोडून दिला होता. म्हणून वजा ८७ मध्ये तो मिळवून अपेक्षित आकडा आधी कागदावर लिहा, मग रन सुरू करा.